फ्लॅशच्या पद्धती व त्यांचा योग्य उपयोग

स्नेहसंमेलन, वृक्षारोपण, सहल इत्यादी प्रसंगांची छायाचित्रे घेण्याचे काम शाळेत बहुधा शिक्षकांकडेच असते. डिजिटल कॅमेऱ्यामुळे ते सुलभ झाले आहे. तथापि व्हरांड्यात उभ्या केलेल्या मुलांचे चेहरे छायाचित्रात काळवंडलेले दिसतात, असा अनुभव वारंवार येतो. हा दोष मुलांच्या वर्णाचा नसून प्रकाशयोजनेचा असतो. एखाद्या मुलाचे शाळेतील ते एकमेव छायाचित्र असण्याचा संभव असल्याने हा दोष टाळणे अगत्याचे आहे.

फ्लॅश केवळ अंधारासाठी असतो, हा समज प्रथम सोडून द्यावा. तसेच त्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी. अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा प्रकाश एकचतुर्थांश उरतो. लहान कॅमेऱ्यातील फ्लॅशचा पल्ला सामान्यतः ३ ते ४ मीटर असतो. म्हणून सभामंडपाच्या मागील बाजूने रंगमंचावर फ्लॅश टाकणे व्यर्थ होय; त्याने पुढे बसलेल्यांची डोकी तेवढी उजळतात.

कॅमेऱ्यावर विजेच्या बाणाचे चिन्ह असते. तेथे पुढील पद्धती निवडता येतात.

१. स्वयंचलित फ्लॅश : येथे कॅमेरा एकंदर उजेड पाहून स्वतः निर्णय घेतो. मुलांच्या मागे उजळ आकाश असल्यास उजेड पुरेसा आहे असे ठरून फ्लॅश पडत नाही, आणि चेहरे काळे येतात.

२. सक्तीचा फ्लॅश : यात प्रत्येक वेळी फ्लॅश पडतो. प्रकाश मुलांच्या पाठीमागून येत असेल, किंवा भर दुपारी टोपीची सावली चेहऱ्यावर पडत असेल, तर दिवसाही हीच पद्धत योजावी. मात्र मुले ३ मीटरच्या आत असावीत.

३. लाल डोळे टाळणारा फ्लॅश : अंधारात डोळ्याची बाहुली विस्फारते व आतील रक्तवाहिन्यांवरून परतलेला प्रकाश छायाचित्रात लाल दिसतो. या पद्धतीत आधी प्रकाश टाकून बाहुली आकुंचित केली जाते. पहिल्या प्रकाशानंतर मुले हलतात. म्हणून त्यांना आधीच सूचना द्यावी.

४. मंद शटरसह फ्लॅश : समोरील व्यक्ती फ्लॅशने उजळते व शटर अधिक वेळ उघडे राहिल्याने मागील दिव्यांची रोषणाईही उमटते. कॅमेरा तिवईवर अथवा टेबलावर स्थिर ठेवावा.

५. फ्लॅश बंद : काचेची तसबीर, तकतकीत फळा अथवा दूरचा रंगमंच यांसाठी ही पद्धत योग्य. फळ्यासाठी फ्लॅश अपरिहार्यच असेल, तर समोर उभे न राहता किंचित तिरपे उभे राहावे.

मोबाईलच्या दिव्यासही हेच नियम लागू पडतात. मात्र त्याचा पल्ला आणखी कमी असतो.

शिक्षकांनी एकाच मुलास व्हरांड्यात उभे करून फ्लॅश बंद ठेवून एक व सक्तीचा फ्लॅश टाकून एक, अशी दोन छायाचित्रे घ्यावीत. नंतर संध्याकाळी २ व ४ मीटरवरून फ्लॅशची तुलना करावी. ही छायाचित्रे वर्गात दाखविल्यास प्रकाश व अंतर यांचा संबंधही मुलांना प्रत्यक्ष समजेल.