पेट्रोल पंपावरचं प्रेम, तेही गात-नाचत

दिवाळं निघालंय आणि दारात जप्तीचा बेलिफ उभा आहे. अशा वेळी माणूस काय करील? १९३० सालच्या ‘दी द्राय फॉन डेर टांकश्टेले’ (पेट्रोल पंपावरचे तिघे) या जर्मन बोलपटातले तीन मित्र सरळ त्या बेलिफालाच गाणं ऐकवतात!

मग गाडी घेऊन निघतात, तर भररस्त्यात पेट्रोल संपतं. तिथेच डोकं चालतं: गाडी विका, पंप टाका. तिघं पाळ्या लावून पंपावर उभे राहतात आणि उघड्या मोटारीतून येणाऱ्या लिलियनच्या प्रेमात पडतात. तिघंही, एकमेकांना पत्ता न लागू देता.

एरवी रंगभूमीवर गाजलेले ऑपेरेटा, म्हणजे हलकीफुलकी संगीत नाटकं, पडद्यावर येत. इथे उफा कंपनीचा निर्माता एरिश पोमर याने थेट पडद्यासाठीच नवा ऑपेरेटा रचून घेतला. राजवाडे, राजपुत्र गेले. आले बेकार तरुण, मोटारी आणि पंप. माझ्या मते सिनेमाची खरी करामत हीच. मंदीने लाखो लोक बेकार झालेले असताना तो कंगालपणावर तालात नाचतो, आणि तरी कुणाची चेष्टा करत नाही.

तारीखही पाहा. १४ सप्टेंबर १९३०च्या निवडणुकीत नाझींच्या जागा १२वरून १०७ झाल्या. दुसऱ्याच दिवशी बर्लिनच्या ग्लोरिया-पालास्टमध्ये हा सिनेमा लागला. त्या हंगामात त्याने पोमरच्याच ‘ब्लू एंजल’लाही कमाईत मागे टाकलं.

नायिका लिलियन हार्वी जन्माने लंडनची. डबिंग अजून रुळलं नव्हतं, म्हणून फ्रेंच आवृत्ती वेगळी चित्रित झाली: नायक बदलला, विली फ्रिचच्या जागी आँरी गारा आला, पण लिलियन तीच, फ्रेंच बोलणारी! (दोनच वर्षांनी प्रभातनेही ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदीत असाच दोनदा चित्रित केला.)

शेवट तर धमाल. नायक-नायिकेचं जमतं, पडदा पडतो. तेवढ्यात दोघांना दिसतं, प्रेक्षक अजून बसलेलेच! फिनालेशिवाय, म्हणजे शेवटच्या भव्य नाचगाण्याशिवाय, ऑपेरेटा संपतो कसा? मग काय, पुन्हा पडदा वर आणि झगमगता नाच.

१९३७मध्ये नाझींनी या सिनेमावर बंदी घातली. तो घडवणारे बरेच कलावंत ज्यू होते; त्यांना देश सोडावा लागला. दिग्दर्शक विल्हेल्म थीले हॉलिवूडला गेला आणि त्याने टार्झनपट काढले. बेलिफ झालेला फेलिक्स ब्रेसार्ट दिग्दर्शक लुबिचच्या ‘निनोच्का’त चमकला. गीतकार रोबर्ट गिल्बर्टने परतल्यावर ‘माय फेअर लेडी’ जर्मनमध्ये आणलं. पुलंची ‘ती फुलराणी’ ज्या ‘पिग्मॅलियन’वरून आली, त्याचंच हे संगीतरूप. वकील रंगवणारा कुर्ट गेरॉन मात्र वाचला नाही. १९४४मध्ये आउशविट्झमध्ये त्याला ठार मारलं.

गाणी कुणालाच बंद करता आली नाहीत. जिवाभावाच्या मित्रावरचं वेर्नर रिचर्ड हायमानचं गाणं जर्मन लोक अजून गुणगुणतात. १९५५मध्ये सिनेमा रंगीत होऊन पुन्हा आला, तेव्हा विली फ्रिच त्यातही होता. या खेपेला नायिकेचा बाप म्हणून!