अ‍ॅस्पिरिन थांबविल्यानंतर रक्तात काय घडते?

मॉरिशसच्या मळ्यांत ज्यांच्या पूर्वजांनी घाम गाळला, त्यांना उसाचा धर्म सांगावयास नको. तोडलेला ऊस पुन्हा सांधला जात नाही. जमिनीतील खोडाला नवे कोंब फुटतात आणि मळा पुन्हा उभा राहतो. अ‍ॅस्पिरिन बंद केल्यावर मानवी रक्तातही असेच घडते.

रक्तात रक्तबिंबिका, म्हणजेच प्लेटलेट, नावाचे सूक्ष्म कण असतात. जखम होताच ते एकमेकांस चिकटून रक्तस्राव थांबवितात; परंतु हृदयाच्या अरुंद झालेल्या धमनीत हाच गुण घातक ठरतो. बिंबिकांचे हे चिकटणे मोजण्याची रीत लंडनमध्ये गुस्ताव बॉर्न यांनी १९६२ साली प्रसिद्ध केली. पुढे १९७१ साली, त्याच शहरात, जॉन व्हेन यांनी अ‍ॅस्पिरिनच्या क्रियेचे रहस्य उलगडले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी झाले.

अ‍ॅस्पिरिन बिंबिकांची संख्या घटवीत नाही. त्यांच्यातील एक विकर, म्हणजेच एन्झाइम, कायमचे निकामी करते. बिंबिकेस केंद्रक नसल्याने तिला ते नव्याने घडविता येत नाही. म्हणून औषध थांबविले तरी जुनी बिंबिका सुधारत नाही. तिचे आयुष्य सुमारे ७ ते १० दिवसांचे असते. अस्थिमज्जा दररोज साधारण दहावा हिस्सा नव्या बिंबिका रक्तात सोडते. त्यामुळे काही दिवसांतच रक्त गोठण्याची शक्ती बरीचशी परतते आणि सुमारे १० दिवसांत ती पूर्ववत होते. क्लोपिडोग्रेलचा परिणामही असाच कायमचा असतो. टिकाग्रेलॉर मात्र बिंबिकेस सोडून जाते, म्हणून त्याचा प्रभाव अधिक लवकर ओसरतो.

ही माहिती स्वतःच्या मनाने गोळी सोडण्यासाठी नव्हे. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळते. दात काढावयाचा म्हणून अनेक वडीलधारी मंडळी परस्पर औषध बंद करतात. वस्तुतः ब्रिटनमध्ये अशा किरकोळ उपचारासाठी ते बहुधा चालूच ठेवण्यास सांगितले जाते. धमनीत स्टेंट बसविलेल्याने अकस्मात गोळी सोडल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊन प्राणावर बेतू शकते. शस्त्रक्रियेपूर्वी औषध थांबवावे काय, आणि किती दिवस, याचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो. घरातील ज्येष्ठांच्या औषधांची यादी आणि स्टेंट बसविल्याची तारीख मुलासुनांनी लिहून जवळ ठेवावी; ऐन वेळी तीच उपयोगी पडते.