ड्रॅग रेसच्या गाडीचे पुढचे शॉकअप

ड्रॅग रेसमध्ये उभी गाडी सुटते आणि सरळ पट्टीवर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, कमीत कमी वेळात कापते. वळण नाही, खड्डा नाही. तरी पुढचे शॉकअप कसे निवडले यावर सुरुवातीचे काही मीटर अवलंबून असतात. कारण गाडी सुटताच भार मागे सरकतो. १२०० किलोची गाडी, पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच आणि त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट धरले, तर पुढच्या चाकांवरचा १९२ किलो भार मागच्या चाकांवर जातो. शॉकअप बदलून हा आकडा बदलत नाही. बदलते ती भार सरकण्याची चाल.

शॉकअपच्या नळीत तेल असते आणि झडपा असलेला दट्ट्या त्यातून फिरतो. दबताना किती अडवायचे आणि उघडताना किती, हे या झडपा ठरवतात. मागची चाके ढकलणाऱ्या गाडीत पुढचे नाक झटकन उचलले जावे, पण गिअर बदलताना धपकन खाली येऊ नये, अशी अपेक्षा असते. म्हणून अमेरिकी ड्रॅग गाड्यांत '९०/१०' शॉकअप रूढ झाले: दबायला कडक, उघडायला सैल. त्यांचा दोष शर्यतीच्या शेवटी कळतो. वेग वाढला तरी नाक वरच राहते, खालून हवा शिरते आणि स्टीअरिंग हलके लागते. ब्रेक मारताना तर हे धोक्याचेच.

अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांवरच्या बहुतेक हॅचबॅक मात्र पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. स्विफ्ट घ्या की पोलो, इंजिन पुढे आणि ओढही पुढेच. तिथे नाक उचलणे म्हणजे ओढणाऱ्या चाकांची पकड घालवणे. परदेशी जाहिरात वाचून अशा गाडीला ९०/१० बसवणे पैसे वाया घालवण्यासारखे आहे. हिला उघडताना कडक शॉकअप लागतात, गाडी थोडी खाली बसवावी लागते आणि मागच्या स्प्रिंगा कडक कराव्या लागतात, म्हणजे मागची बाजू बसत नाही. तरी कडकपणालाही मर्यादा आहे. अति कडक शॉकअप चाकालाच वर खेचतो आणि टायर जागीच फिरतो.

पट्टी कोणती, हेही पाहावे लागते. खास ड्रॅग पट्टीवर सुटण्याच्या जागी चिकट लेप मारतात. महाराष्ट्रात 'द व्हॅली रन' ही ड्रॅग शर्यत लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या हवाईपट्टीवर झाली. हवाईपट्टीवर असा लेप सहसा नसतो. पकड कमी असेल तर त्वरण कमी, भारही कमी सरकतो आणि टोकाच्या शॉकअपचा फायदा उरत नाही. वऱ्हाडाला सरळ शर्यतीचे वेड जुनेच. तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, प्रसिद्ध आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते मानादरम्यान ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत डांबरली गेली आणि तिची गिनीज नोंद झाली. तो गुळगुळीत रस्ता मोह पाडतो, पण सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चढाओढ करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे.

खरेदीआधी टेप घेऊन मोजणे बरे. गाडी चाकांवर उभी असताना शॉकअपची लांबी किती, पूर्ण उघडल्यावर किती, हा फरक म्हणजे नाकाला वर यायला उरलेली जागा. मागून ढकलणाऱ्या गाडीत ती भरपूर हवी. शॉकअप आधीच टोकाला पोचला तर धक्का बसून टायर सुटतो. रोज रस्त्यावरही फिरणाऱ्या गाडीला दोन्ही बाजूंनी, म्हणजे दबताना आणि उघडताना, वेगवेगळे जुळवता येणारे शॉकअप सोयीचे. ते महाग पडतात, पण एका जोडीत शर्यत आणि रस्ता दोन्ही भागतात. जुळवताना एका वेळी एकच बाजू एका क्लिकने बदलावी आणि पहिल्या ६० फुटांचा, म्हणजे सुमारे १८ मीटरचा, वेळ टिपावा. शेवटच्या वेळेत इंजिनाचा जोर मिसळतो. या १८ मीटरांत सस्पेन्शनचा हिशेब स्पष्ट दिसतो. बाजूने मोबाइलवर चित्रण केले तर नाक किती उठले तेही कळते.

उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो. तेल तापून पातळ होते आणि सकाळी जुळलेला शॉकअप दुपारी सैल वाटतो. सराव आणि शर्यत वेगळ्या वेळी असतील तर शर्यतीच्या वेळेच्या हवेतच पुन्हा जुळवून घ्यावे लागते. नायट्रोजन भरलेल्या शॉकअपमध्ये तेलाला फेस कमी येतो. तेल पातळ होणे मात्र त्यानेही थांबत नाही.