परक्या सर्जवरचा गरुड

पोलिश सैनिक सलाम करतो तो दोन बोटांनी. तर्जनी आणि मधलं बोट जोडून टोपीच्या कडेला टेकवायची आणि उरलेली बोटं मुडपायची. डोक्यावर टोपी नसेल तर हात वर जातच नाही. गणवेशावर तीन वर्षं आणि महिन्यांचे पगार घालवलेला एखादा हौशी गडी मैदानात उतरतो, समोरून अधिकारी येतो, आणि हा नेमका पाच बोटं ताणून इंग्रजी थाटाचा सलाम ठोकतो. सर्ज अस्सल, बूट अस्सल, गरुड अस्सल आणि हात परका.

युद्धातले प्रसंग जसेच्या तसे उभे करण्याचा छंद पोलंडमध्ये चांगलाच रुजलेला आहे. दर सप्टेंबरात ब्झुरा नदीकाठच्या ब्रोखुफमध्ये १९३९ ची लढाई पुन्हा 'लढली' जाते. या मंडळींची पहिली ओढ अर्थातच १९३९ च्या शिपायाकडे असते, कारण त्याचा गणवेश नखशिखान्त पोलिश होता. १९३६ चा नमुना, खाकी लोकरी कोट, पायांना पट्ट्या, आणि कॉलरीवर रुपेरी नागमोडी वेल. या वेलीला पोलिश भाषेत 'व्हेंझिक' म्हणतात, म्हणजे छोटा साप. आपण 'नागमोडी' म्हणतो, तेव्हा त्या देशातल्या शिंप्यालाही तोच प्राणी आठवला होता, एवढंच. अधिकाऱ्याच्या कॉलरीवर ही वेल कशिद्याने भरलेली, शिपायाच्या कॉलरीवर शिवलेली साधी फीत. दुरून दोन्ही सारख्याच दिसतात. हातभर अंतरावर आलात की फरक कळतो आणि छायाचित्रकार तेवढ्याच अंतरावरून फोटो काढतात.

खरी पंचाईत शिरस्त्राणाची. १९३१ च्या नमुन्याचं पोलादी शिरस्त्राण किएल्त्से शहरातल्या लुडविकुफ कारखान्यात बनत असे. त्यावर 'सालामान्द्रा' नावाचा खरबरीत रंग. बुचाच्या लाकडाचा चुरा मिसळलेला, म्हणजे ऊन पडलं तरी चकाकणार नाही. गुळगुळीत ऑलिव्ह रंग मारलेलं शिरस्त्राण दिसलं की समजावं, कुणीतरी घाई केली आहे. मात्र १९३९ च्या पराभवात बरंचसं सैनिकी सामान जर्मनांच्या आणि रशियनांच्या हाती गेलं, म्हणून घरात राहिलेले नग थोडे. गंमत अशी, की युद्धापूर्वी याच शिरस्त्राणांचा एक हिस्सा इराणला विकला गेला होता, आणि संग्राहक आजही 'पर्शियन' शिरस्त्राण शोधत असतात. पोलिश शिपाई इराणात पोहोचण्याच्या आधीच त्याचं डोक्यावरचं पोलाद तिथे पोहोचलं होतं.

पण मला जास्त खुणावतो तो दुसरा शिपाई. अंगावर एक धागाही पोलिश नसलेला.

३० जुलै १९४१ च्या सिकोर्स्की-मायस्की करारानंतर सोव्हिएत छावण्यांतून आणि तुरुंगांतून सुटलेले पोलिश पुरुष जनरल व्वाडिस्वाफ आन्डर्स यांच्या सैन्यात जमू लागले. ब्रिटिश गणवेश पुढे येऊ लागले, तरी आधी ही माणसं चिंध्या गुंडाळून आणि झाडाच्या सालीच्या चपला घालून भरतीला उभी राहिली. १९४२ मध्ये दोन लाटांत ती कास्पियन समुद्रावरच्या पहलवी बंदरात उतरली. किनाऱ्यावर उवांवर औषध, मुंडण, अंघोळ, आणि जुने कपडे जाळायला. नवं आलं ते ब्रिटिश भांडारातलं. म्हणजे या गणवेशाचा पहिला दिवस कुठल्या बराकीत गेला नाही, तो वाळूवर गेला.

तो गणवेश म्हणजे 'बॅटलड्रेस': कमरेपर्यंतचं आखूड जाकीट आणि मोठ्या खिशांची विजार, कापड जाड लोकरी सर्ज. आज नवं शिवून घेणाऱ्याची पहिली चूक कापडातच होते. नव्या सर्जचा रंग हिरवा जास्त आणि हात फिरवला तर गुळगुळीत. जुनी सर्ज टोचते, तिच्यात तपकिरी, करडे आणि हिरवे धागे मिसळलेले दिसतात, आणि पावसात भिजली की ओल्या गोधडीसारखी जड होते. दुसरी चूक काळाची. १९३७ च्या नमुन्याच्या जाकिटाची बटणं पट्टीखाली झाकलेली आणि खिशांना चुण्या होत्या. १९४० चा नमुना काटकसरीचा: चुण्या गेल्या आणि बटणं उघडी पडली. पुढे हे सैन्य लढलं त्या १९४४ च्या इटलीत दोन्ही सरमिसळ दिसत, शिवाय 'वॉर एड' छापाचं अमेरिकेत शिवलेलं जाकीटही. तेव्हा दोन्हीतलं कोणतंही चालतं. मात्र पंधरा जणांची तुकडी एकाच गठ्ठ्यातून काढल्यासारखी एकसारखी दिसली, की ती खोटी वाटते. खरी पलटण कधीच इतकी नीटनेटकी नसते.

आत हात घालून लेबल पाहिलं तर उंची, छाती, कंबर, शिंप्याचं नाव, वर्ष आणि ब्रिटिश सरकारी मालाचा तो प्रसिद्ध बाण. दुकानदार जुनं म्हणून देतो त्या जाकिटासाठी जाणकार माणूस अतिनील किरणांचा दिवा घेऊन येतो. कृत्रिम दोऱ्याची शिवण त्यात चमकून उठते, कारण पॉलिएस्टरचा दोरा युद्धकाळात वापरात नव्हता. एक सुटा धागा मेणबत्तीवर धरला तरी चालतं. सूत जळून राख होतं, पॉलिएस्टर वितळून मणी बनतो. मेणबत्ती मात्र जाकिटापासून लांब.

आता पोलिशपणा उरला कुठे? तळहाताएवढ्या चार-पाच वस्तूंत. दोन्ही बाह्यांवर खांद्याखाली लाल पट्टी, तिच्यावर पांढरी अक्षरं: POLAND असं इंग्रजीतलं नाव, 'पोल्स्का' नव्हे. परक्या सैन्याने ओळखावं म्हणून स्वतःचं नाव परक्याच भाषेत. आन्डर्सच्या दुसऱ्या पोलिश कोअरचं चिन्ह लाल जमिनीवरची तलवार-ढालवाली जलपरी, वॉर्सॉची खूण. तिसऱ्या कार्पेथियन डिव्हिजनचं झाड, पाचव्या क्रेसोव्हाचा गवा. आणि टोपीवर मुकुट घातलेला गरुड. शिरस्त्राणावरही काहींनी साच्याने गरुड रंगवला.

त्या मुकुटाचं प्रकरण साधं नाही. १९४३ मध्ये रशियात स्टालिनच्या छत्राखाली उभ्या राहिलेल्या पोलिश डिव्हिजनला दिलेल्या गरुडाच्या डोक्यावर मुकुट नव्हता. त्या सैनिकांनीच त्याला 'कुरित्सा' म्हणजे कोंबडी म्हणायला सुरुवात केली. पोलंडच्या राजचिन्हावर मुकुट परत आला तो कम्युनिस्ट राजवट गेल्यावरच. म्हणून आन्डर्सच्या शिपायाची टोपी घेताना मुकुट आहे ना, हे बघणं बारीकसारीक हट्ट नाही. तो नसेल तर तुम्ही शिपाई चुकीच्या बाजूला उभा केला.

या वस्तूंवर सगळं किती अवलंबून आहे, हे १८ मे १९४४ ला मोन्ते कासिनोच्या मठात दिसलं. १२ व्या पोडोल्स्की उल्हान रेजिमेंटची गस्त काझिमिएर्झ गुर्बिएल याच्या नेतृत्वाखाली ओसाड भिंतींत शिरली. तिथे फडकवायला निशाण हवं होतं, आणि ते रेड क्रॉसच्या झेंड्याचे तुकडे नि निळा रुमाल शिवून बनवलं गेलं. एमिल चेखने क्राकोच्या मनोऱ्यावरची तुतारीची धून वाजवली. डोंगर घेताना पोलिश बाजूचे ९०० हून अधिक सैनिक कामी आले होते. एवढ्या किमतीचं निशाण आणि टाके घाईचे.

याच डोंगराखाली आठवडाभर आधी, ११ मेच्या रात्री, ८ वी भारतीय डिव्हिजन गारी नदी ओलांडायला निघाली होती. तिच्यात १/५ मराठा लाइट इन्फन्ट्री होती. त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये हाच मठ ज्यांनी घेऊ पाहिला त्या ४ थ्या भारतीय डिव्हिजनच्या बाह्यांवर काळ्या जमिनीवर लाल गरुड होता. एका डोंगरावर दोन गरुड, पांढरा आणि लाल, एकाच सर्जवर. पुढे ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर पोलिश कोअर आणि ८ वी भारतीय डिव्हिजन एकाच चढाईत उतरल्या, आणि त्याच दिवशी १/५ मराठाच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला.

घरची माणसंही दूर नव्हती. त्या पोलिश सैनिकांच्या बायकामुलांपैकी आणि इतर निर्वासितांपैकी सुमारे ५,००० जण १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहत होते. फाळणीनंतर त्या बराकींत सिंधी कुटुंबं आली. आज तिथे गांधीनगर आहे, आणि पश्चिम महाराष्ट्रातला व्यापारी तिथे कापडाच्या खरेदीला जातो.

म्हणून कोकणात किंवा देशावर एखाद्या जुन्या ट्रंकेत असं आखूड लोकरी जाकीट निघालं, तर कसरीच्या भोकांकडे न बघता आधी बाही उजेडात धरावी. पट्टी काढून टाकलेली असली तरी तिच्याखालचं कापड बाकीच्यासारखं विटत नाही, आणि सुईची भोकंही बुजत नाहीत. ती एका रेषेत असतील तर मशीनची शिवण, वाकडीतिकडी असतील तर हाताची. चौकोनी न विटलेला डाग असेल तर डिव्हिजनचं चिन्ह. खांद्याच्या शिवणीलगत दोन्ही बाह्यांवर सारखी आडवी कमान असेल, तर ते जाकीट आपल्या माणसाचं नसून, कदाचित त्याच्या शेजारच्या खंदकातल्याचं असेल.