लिनक्स लॅपटॉपमधली दोन ग्राफिक्स कार्डं

परवा मैत्रिणीचा लॅपटॉप हातात आला. उबंटू टाकल्यापासून बॅटरी झरझर उतरायची, नुसता ब्राउझर उघडला तरी पंखा घोंघावायचा. एनव्हिडिया कार्ड सतत जागं होतं!

अशा दोन कार्डांच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधली इंटेल किंवा एएमडीची चिप रोजच्या कामाला पुरते. एनव्हिडिया लागते गेम, ब्लेंडर अशा जड कामांना.

टर्मिनलमध्ये 'प्राइम-सिलेक्ट' कमांडने 'ऑन-डिमांड' मोड निवडा, रीस्टार्ट करा. मग ग्नोममध्ये हव्या त्या ॲपच्या आयकॉनवर राइट क्लिक केलं, की ते एनव्हिडियावर चालवायचा पर्याय मिळतो. ऑन-डिमांडची ही सोय 2019 च्या 435 ड्रायव्हरपासूनची. त्याआधी बम्बलबी नावाच्या टूलची खटपट असायची.

एनव्हिडियाच्या ट्युरिंग पिढीच्या आधीची कार्डं ऑन-डिमांड मोडमध्ये पूर्ण झोपत नाहीत. तिथे बॅटरीसाठी एनव्हिडिया बंद ठेवणारा 'इंटेल' मोडच बरा. मात्र अनेक लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्ट एनव्हिडियालाच जोडलेला असतो, मग बाहेरचा मॉनिटर चालत नाही.

आणि सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टनंतरच्या निळ्या स्क्रीनवर 'एनरोल एमओके' निवडून तोच द्या. ही पायरी सुटली तर ड्रायव्हर लोडच होत नाही. निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच असावं, असं मला वाटतं.

कुठे अडलात तर लॅपटॉपचं मॉडेल आणि डिस्ट्रो लिहून विचारा, नक्की उत्तर देईन.