घूं करतं, पण फिरत नाही

टबात पाणी भरलेलं, साबणाचा फेस तयार, टायमरची टिकटिक चालू. खालून एकसारखा घूं… असा आवाज येतोय आणि तळाची चकती मात्र जागची हलत नाही. पंचवीस-तीस वर्षं वापरलेलं दोन टबांचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन ज्या घरात आहे, तिथे हा प्रसंग कधी ना कधी येतोच. फोनवर मेकॅनिकला सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं: मोटार गेली असेल, जुन्याचे पार्ट मिळत नाहीत, आता नवीनच घ्या.

खरं तर तो घूं आवाज म्हणजे शुभवर्तमान आहे. जळालेली मोटार सहसा एक तर गप्प असते, नाहीतर जळका वास सोडते. घूं करणारी मोटार जिवंत आहे. तिला वीज मिळतेय, फिरायचंही आहे, पण सुरुवातीचा धक्का मिळत नाही किंवा तिला कुणीतरी धरून ठेवलंय. दोन्ही दुखणी घरच्या घरी ओळखता येतात, आणि बहुतेक वेळा शे-दोनशे रुपयांत बरीही होतात.

ही जात मूळची जपानी वळणाची. ब्रिटनमध्ये हूवर कंपनीने 1948 मध्ये एक छोटं मशीन काढलं. त्यात टबाच्या बाजूला बसवलेली चकती गरगर फिरून पाण्याला भोवरा द्यायची. ती कल्पना उचलून जपानच्या सान्यो कंपनीने 1953 मध्ये आपलं मशीन बाजारात आणलं. किंमत होती 28,500 येन. पुढे कपडे पिळणारा वेगळा टब शेजारी आला आणि धुलाई आणि पिळणं एका पेटीत शेजारी-शेजारी नांदू लागलं. आपल्याकडे हे रूप घरोघर पोचलं ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून. त्यातलं एक मोठं नाव, व्हिडिओकॉन, तर मराठवाड्यातलंच. तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या चितेगावात त्यांचा कारखाना होता. 2018 मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, पण तिची मशीनं अजूनही कितीतरी गॅलऱ्यांतून कपडे धुताहेत.

लोक ती सोडत नाहीत त्याला कारण आहे. नळाला दाब नसला तरी बादलीने पाणी भरता येतं. एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी काढता येतात. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ज्या भागाने असे उन्हाळे पाहिलेत, तिथे धुण्याचं पाणी तीनदा वापरता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. शिवाय या मशीनमध्ये इलेक्ट्रॉनिक कार्ड नाही. दोन मोटारी, दोन टायमर, एक पट्टा, एक ब्रेक, एक झडप, काही रबरं. सगळे भाग सुटे, सगळे डोळ्यांना दिसणारे.

मात्र हात घालण्याआधी प्लग काढायचा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये स्विच कधीकधी न्यूट्रलवर बसवलेला असतो आणि मग बंद स्विचनंतरही मशीनमध्ये वीज उभी राहते. दुसरी गोष्ट मोटारीला सुरुवातीचा धक्का देणाऱ्या कंडेन्सरची. प्लग काढल्यावरही त्यात विजेचा साठा राहू शकतो. होल्डरमध्ये साधा शंभर वॅटचा पिवळा बल्ब लावून त्याच्या दोन वायरी कंडेन्सरच्या टोकांना क्षणभर टेकवल्या की साठा उतरतो. स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्याने कंडेन्सर खराब होतो आणि माणूस दचकतो तो वेगळाच.

आता मागचं झाकण. चार-सहा स्क्रू काढले की पत्रा सुटतो आणि आत वर्षानुवर्षांची धूळ, लिंट आणि पट्ट्याची काळी भुकटी दिसते. आधी मोबाइलवर तीन-चार फोटो काढावेत. वायरींचे रंग नंतर आठवत नाहीत, हे प्रत्येकाला एकदा तरी महागात पडतं.

प्लग काढलेला असताना टबातली चकती हाताने फिरवून पाहावी. सहज फिरली, तर संशय कंडेन्सरवर. अडकत असेल, तर चकतीखाली काहीतरी आहे किंवा शाफ्टचा बुश धरलाय. एवढ्या एका कृतीने अर्धं निदान होतं.

कंडेन्सरचं काम समजून घेण्यासारखं आहे. घरात येणारी सिंगल फेज वीज मोटारीला मागे-पुढे नुसती थरथरवू शकते, गोल फिरवू शकत नाही. मोटारीत तारेची दोन वेटोळी असतात. कंडेन्सर एका वेटोळ्यातला प्रवाह दुसऱ्याच्या जरा पुढे काढतो, आणि या मागे-पुढे होण्यातूनच फिरणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. धुण्याच्या मोटारीत दोन्ही वेटोळी सारखी असतात. टायमर कंडेन्सर कधी या वेटोळ्याला जोडतो, कधी त्या. म्हणून चकती थोडा वेळ उजवीकडे, मध्ये थांबा, मग डावीकडे अशी फिरते. कंडेन्सर दमला की थरथर उरते. तीच ती घूं.

कंडेन्सरवर त्याची क्षमता मायक्रोफॅरडमध्ये छापलेली असते. धुण्याच्या बाजूचा साधारण 8 ते 10, ड्रायरचा त्याहून लहान. काही मशीनमध्ये दोन्ही एकाच डबीत. क्षमता मोजणाऱ्या मल्टिमीटरवर 10 च्या जागी 6 दिसले, किंवा डबी फुगलेली असली, की तो बदलायचा. नवीन घेताना आकडा तोच हवा आणि व्होल्टेज 440 किंवा जास्त. मोठा लावला तर मशीन जोरात चालेल असं काही दुकानदार सांगतात; ते ऐकू नये, मोटार तापते.

मोटार बरी आहे का, हेही त्याच मीटरवर कळतं. वायरी सुट्या करून, रोध मोजण्याच्या खुणेवर मीटर ठेवायचा. धुण्याच्या मोटारीच्या तीन वायरींपैकी एक सामाईक. तिच्यापासून बाकीच्या दोघींपर्यंतचे आकडे जवळपास सारखे आले आणि त्या दोघींमधला आकडा दुप्पट आला, तर वाइंडिंग शाबूत आहे. कोणत्याही वायरीपासून मोटारीच्या लोखंडापर्यंत आकडा आला, तर मात्र इन्सुलेशन गेलंय आणि ती मोटार पुन्हा जोडायची नाही.

चकती अडकली असेल तर ती काढावी लागते, आणि हा सगळ्या दुरुस्तीतला गमतीचा भाग. मधला स्क्रू बहुधा गंजलेला असतो. त्यावर गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास वाट पाहायची, मग पुरेपूर बसणाऱ्या पेचकसाने सावकाश सोडवायचा. डोकं एकदा घासलं की मग ड्रिलशिवाय इलाज नाही. स्क्रू निघाला की चकतीच्या दोन बाजूंच्या छिद्रांत दोरीचा फास अडकवून सरळ वर ओढायचं. तिरकं ओढलं तर प्लास्टिक तडकतं. खाली काय सापडेल सांगता येत नाही. जुनं एक रुपयाचं नाणं, शाळेच्या गणवेशाचं बटण, केसांची पिन, हूक, बांगडीचा तुकडा, आणि सगळ्यांना गुंडाळून बसलेला राखाडी लगदा. धुताना येणारा खडखडाट बहुतेक इथूनच येतो. शाफ्टभोवतीचं रबरी सील तेव्हाच तपासावं. ते कडक होऊन चिरलं असेल तर पाणी खाली पट्ट्यावर ठिबकतं आणि ओला पट्टा घसरतो.

पट्ट्याचा आवाज वेगळा असतो: मोटार मोकळी फिरते, चकती अडखळते, चिर्र आवाज येतो आणि रबराचा वास सुटतो. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर पट्टा सेंटिमीटरभर दबला की ताण ठीक. सैल असेल तर मोटारीचे बोल्ट ढिले करून ती जरा सरकवायची. बदलायचाच झाला तर त्याच्यावर छापलेला नंबर वाचून आणावा, किंवा जुना पट्टाच खिशात घालून दुकानात जावं.

एक चकवा टायमरचा. तो घड्याळासारखा चावीवर चालतो. गोल बटण फिरवताना हाताला जो ताण लागतो तो आतल्या स्प्रिंगचा. त्यामुळे लाईट गेली तरी टिकटिक थांबत नाही, आणि टिकटिक ऐकू येतेय म्हणजे वीज येतेय असं समजून माणसं भलतीकडे शोधत बसतात. आवाज नाही, घूं नाही, फक्त टिकटिक असेल, तर आधी प्लग, सॉकेट आणि केबल पाहावी; उंदरांनी कुरतडलेली वायर हे नेहमीचं कारण. चकती एकाच दिशेला फिरत असेल तर टायमरमधले संपर्काचे बिंदू काळे पडलेत असं समजावं. टायमर दुरुस्त करत बसू नये, बदलावा. आणि चालू टायमर कधी उलटा फिरवू नये.

ड्रायरची कहाणी निराळी आहे. त्याच्या मोटारीवर टब थेट बसवलेला असतो आणि तो मिनिटाला तेराशेच्या आसपास फेरे घेतो. एवढ्या वेगात कुणी हात घातला तर हाड मोडेल, म्हणून झाकण उघडताच वीज तुटते आणि ब्रेक लागतो. हा ब्रेक सायकलच्या ब्रेकसारख्या तारेने झाकणाशी जोडलेला असतो, पण त्याची चाल सायकलच्या उलट: झाकण बंद केल्यावर तार ताणली जाते आणि ब्रेक सुटतो, तार सैल पडली की स्प्रिंग ब्रेकला मोटारीवर आवळून धरतं. वर्षं सरली की तार लांबते. मग झाकण बंद असूनही ब्रेक घासत राहतो, मोटार कण्हते, करपल्याचा वास येतो आणि घरात जाहीर होतं की ड्रायर जळाला. इलाज असतो तार पुढच्या छिद्रात अडकवण्याचा. नवी मोटार घेण्याआधी ही तार पाहिलीच पाहिजे.

काही घरांत ब्रेकची कटकट नको म्हणून तो काढून टाकतात आणि झाकणाचा स्विच थेट जोडून देतात. हे कुणीही, कधीही करू नये. घरात लहान मूल असेल तर त्याचा हात त्या टबात जायला क्षण पुरतो.

गळती कुठून आहे ते वेळेवरून कळतं. ड्रायर चालवतानाच खाली पाणी येत असेल, तर टबाखालची घडीदार रबरी बाही फाटलीय. ती लगेच बदलावी, कारण ते पाणी सरळ खालच्या मोटारीवर पडतं. आधी बेअरिंग खरखरतं, मग जाम होतं, मग वाइंडिंग जातं. धुलाईच्या वेळी पाइपातून बारीक धार चालू राहत असेल, तर पाणी सोडायच्या झडपेत एखादा दोरा किंवा बटण बसलंय. झडपेची टोपी फिरवून उघडायची, रबर धुवायचं, परत बसवायचं. दहा मिनिटांचं काम.

बोअरवेलच्या पाण्याने टबावर आणि सीलवर पांढरा थर चढतो. कोमट पाणी भरून त्यात शंभरेक ग्रॅम लिंबूसत्त्व टाकावं, मशीन थोडा वेळ चालवून तासभर तसंच ठेवावं. त्यात ब्लीचिंग पावडर मात्र कधी मिसळू नये, विषारी क्लोरिन वायू सुटतो.

पार्ट मिळत नाहीत ही तक्रार अर्धीच खरी आहे. कंपनीचा शिक्का असलेला पार्ट मिळणार नाही. पण पट्टा, सील, कंडेन्सर, ब्रेकची तार, टायमर अशा गोष्टी बऱ्याच मशीनना सारख्याच चालतात. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या गावी मिक्सर-पंख्यांचे पार्ट विकणारं एखादं अरुंद दुकान. तिथे नाव सांगण्यापेक्षा जुना पार्ट काउंटरवर ठेवलेला बरा. मोटार भरून घ्यायची असेल तर तांब्याचीच तार मागावी आणि ती आपल्यासमोर पाहावी. केंद्र सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचं पोर्टल सुरू केलं. घरगुती उपकरणंही त्यात आहेत. कंपन्यांनी माहिती आणि सुटे भाग खुले करावेत, हा आग्रह ग्राहकांनी धरायलाच हवा.

टबालाच चीर गेली असेल, किंवा गंजून तळाचा पत्रा बोटाने दाबताच चुरत असेल, तर खर्च करू नये. चीर कोणत्याही गोंदाला दाद देत नाही, आणि कमजोर तळावर फिरणारा ड्रायर धोक्याचा असतो. अशा मशीनची चांगली मोटार, टायमर, पुली काढून ठेवाव्यात. दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतात. उरलेला सांगाडा ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावा.

पेटी बंद केल्यावर एक तपासणी राहते. बाहेरचा पत्रा लोखंडी आहे आणि जागा ओली, म्हणून तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग हवंच. बोर्डात वीज गळताच पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असला तर फारच उत्तम. चालू मशीनच्या पत्र्याला टेस्टर लावून दिवा लागला, किंवा बोटाला नुसती झिणझिण जाणवली, तरी प्लग काढावा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावं. सगळं ठीक असेल तर कपडे न टाकता अर्धा टब पाणी भरायचं, मशीनखाली जुनं वर्तमानपत्र पसरायचं आणि पाच मिनिटं चालवायचं. चकती उजवीकडे फिरते, थांबते, डावीकडे फिरते. पाणी सोडून द्यायचं, ओला टॉवेल टाकून ड्रायर फिरवायचा, झाकण उघडायचं आणि टब काही क्षणांत थांबतो का ते पाहायचं. मग खाली वाकून वर्तमानपत्र ओढून घ्यायचं. कागद कोरडा असेल तर उद्याची धुणी याच मशीनमध्ये.