पायाखालचे जर्मन

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात जुनी माणसे अ‍ॅल्युमिनियमला ‘जर्मन’ म्हणतात. जर्मनचा गंज, जर्मनची कढई, जर्मनचा डबा. या धातूला घरात फारसा मान कधीच नव्हता. पाहुण्यांपुढे पितळ, पुढे स्टील. आणि गुरांची ढेप भिजवायला जर्मनचे घमेले. तेच जर्मन हल्ली मोटारींच्या पेडलांवर चकाकताना दिसते. हौशी तरुण बाजारातून त्याचे तयार संच आणून लावतात. पण मी पुसदला पाहिलेली पेडले हौसेची नव्हती, गरजेची होती, आणि ती एका घराच्या मागच्या अंगणात तयार झाली.

गरज होती एका निवृत्त शिक्षिकेची. बाई उंचीने पाच फुटांहून कमी. यजमान गेल्यावर घरातली लहान मोटार चालवायला त्या जिद्दीने शिकल्या, पण क्लच पूर्ण दाबायचा तर सीट इतकी पुढे घ्यावी लागे की, छाती स्टीअरिंगला टेकायची. एअरबॅग असलेल्या गाडीत छाती आणि स्टीअरिंग यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर हवे, असे सांगतात. नाहीतर जीव वाचवणारी पिशवीच जिवावर उठते. पाठीशी उशी घेऊन झाली, उंच टाचांचे बूट घेऊन झाले. शेवटी त्यांनी बहिणीच्या मुलाला गळ घातली. त्याचे वेल्डिंगचे दुकान आहे. या दुकानासाठी त्याच्या वडिलांनी कर्ज उचलले ते पंतप्रधान रोजगार योजनेतून, आणि त्या प्रकरणावर सही माझी होती. त्या नात्याने मी अजूनही त्यांच्या अंगणात खुर्ची टाकून बसू शकतो.

‘वेल्डिंगचे दुकान आहे, मग काय अवघड?’ असे वाचकांना वाटेल. मलाही तो प्रश्न पडला. पोरगा हसला. ‘काका, लोखंड लाल होऊन सांगते, आता मी वितळणार. जर्मन काहीच सांगत नाही. पाहता पाहता खाली गळते.’

खरेच आहे. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि तोवर त्याचा रंग बदललेला डोळ्यांना जाणवत नाही. शिवाय त्याच्या अंगावर ऑक्साइडचा एक पातळ पापुद्रा असतो, तो वितळायला २,००० अंशांहून अधिक उष्णता लागते. म्हणजे आतला धातू पाणी झाला तरी वरची कातडी शाबूत! त्यासाठी आर्गन वायूचे वेगळे वेल्डिंग लागते. खिडक्यांच्या जाळ्या आणि कूलरचे स्टँड करणाऱ्या दुकानात ते कुठून असणार? म्हणून मग करवत, कानस आणि बोल्ट.

आधी त्याने जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातून तिन्ही पेडलांचे माप कापले. मग पत्र्यावर खुणा. कानशीला खडू घासून मगच तो घासायला बसे, कारण मऊ धातूचा कीस कानशीच्या दातांत अडकतो आणि कानस धातूवरून नुसती घसरत राहते. भोक पाडताना ड्रिलवर रॉकेलचे थेंब. असे दोन दिवस चालले होते. मधूनमधून मावशींना गाडीत बसवून ‘मावशी, टाच टेकवून पाहा बरं’ असे चाले. पेडल दीड इंच पुढे आले की टाचही वर घ्यावी लागते, नाहीतर पाय अधांतरी राहतो; म्हणून टाचेखाली पक्की बसणारी फळी. एकट्या क्लचचे काम करून भागत नाही. अ‍ॅक्सिलरेटर उंच केला आणि ब्रेक तसाच ठेवला तर घाईत पाय भलत्याच ठिकाणी पडायचा. तिन्ही करा, नाहीतर एकही नको.

चकचकीत पट्टी मात्र त्याने लावली नाही. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात चपलेला कशी चिकटते हे सांगायला नको. त्या चिखलात गुळगुळीत जर्मन म्हणजे घसरगुंडीच. म्हणून वर कंपनीचेच रबर बसवले.

पहिला संच तीन मिलिमीटर पत्र्याचा होता. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात गाडी नेली. पोरगा स्वतः चालवायला बसला आणि जीव खाऊन ब्रेक दाबत राहिला, पुन्हा पुन्हा. ब्रेकचे पेडल पायाचा जोर चार-पाच पटींनी वाढवून पुढे देते. तो सारा जोर आधी त्या पट्टीला सोसावा लागतो. खाली उतरून त्याने बोल्ट काढले. पट्टी कडेला किंचित वाकली होती. मावशी म्हणाल्या, ‘अरे बाबू, एवढंसं तर आहे, चालते ना!’ त्याने काही न बोलता पट्टी भंगाराच्या पेटीत टाकली.

पुसदहून फुलसावंगी फार लांब नाही. महागाव तालुक्यातल्या या गावाचे नाव ऑगस्ट २०२१ मध्ये देशभर पोचले. शेख इस्माईल शेख इब्राहिम हा आठवीपर्यंत शिकलेला, वेल्डिंगचे काम करणारा २४ वर्षांचा मुलगा. मारुती ८०० चे इंजिन बसवून त्याने स्वतःचे हेलिकॉप्टर बांधले होते. स्वातंत्र्यदिन तोंडावर आला असताना रात्री चाचणी सुरू होती. मागचा पंखा तुटला, वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला, आणि तो पंखा त्याच्या डोक्याला लागला. तो वाचला नाही. तेव्हा वर्तमानपत्रांतून त्याचे कौतुकही झाले आणि ‘नसते धाडस’ म्हणून नाकेही मुरडली गेली. मला दोन्ही उथळ वाटले. लोखंड वाकवणारा त्याचा हात तयार होता. फिरणाऱ्या पात्यावर किती ताण येतो हे तपासून देणारे त्याच्या जवळपास कोण होते?

२ ऑक्टोबर १९९३ रोजी ती रोजगार योजना सुरू झाली, तेव्हा आम्ही अर्जात यंत्रांचे कोटेशन बघायचो, जामीन नको म्हणून खूश असायचो आणि वसुलीची काळजी करायचो. माणसाच्या हातात काय आहे यासाठी त्या कागदांत रकाना नव्हता. २००८ मध्ये ती योजना दुसऱ्या योजनेत विलीन झाली. वेल्डिंगची दुकाने मात्र तालुक्या-तालुक्यांत राहिली.

दुसरा संच सहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा झाला. कोपरे गोल केले, भोके कडेपासून आत घेतली, साध्या नटांऐवजी लॉक नट लावले. पुन्हा तेच मैदान, तेच ब्रेक. या वेळी पट्टी जागची हलली नाही. मग मावशी बसल्या.

एक बाब उरली होती. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मनाला येतील ते बदल करता येत नाहीत. शारीरिक अडचण असलेल्यांसाठी गाडी जुळवून घेण्याची सोय कायद्यात आहे, पण उंची कमी असणे त्यात बसते का? पोरगा म्हणाला, आरटीओत जाऊन विचारल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही. मावशी कागदांची पिशवी घेऊन बसने यवतमाळला निघाल्या. गाडी अंगणात उभी होती.

मी सवयीने हिशेब विचारला. पट्टी, बोल्ट, नट मिळून त्याने पैसे घेतले तेवढेच. तीन दिवसांची मजुरी?

‘मावशीकडून कुठं घेता काका,’ तो म्हणाला आणि कूलरच्या स्टँडकडे वळला. त्याचे गिऱ्हाईक केव्हाचे ताटकळत होते.